दोनचा बत्तिसावा घात, अधिक एक

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. पाहताक्षणी लक्षात राहावे असे या संख्येत काही नाही. शेवटचा अंक सात असल्यामुळे तिला दोनने आणि पाचने भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९ येते, म्हणून तीनचाही प्रश्न मिटतो. सातने भागले तर बाकी पाच उरते, अकराने भागले तरी पाचच उरते आणि तेराने भागल्यास दहा. एवढे करून झाले की हात थांबतो आणि मन परस्पर ठरवून टाकते की ही मूळ संख्या असावी. माझ्या मनाने तेच ठरवले होते. पुढे जेव्हा कळले की सतराव्या शतकातल्या सर्वांत तल्लख गणितज्ञांपैकी एकाने याच संख्येविषयी हीच चूक केली होती, तेव्हा संकोच वाटण्याऐवजी कुतूहल वाढले. माझी चूक आळसातून झाली होती, त्याची नेमकी कशातून झाली असेल?

या संख्येची खरी ओळख दशमान लेखनात लपून राहते. द्विमान पद्धतीत ती लिहिली की आधी एक, मग ओळीने एकतीस शून्ये आणि शेवटी पुन्हा एक, असे तिचे रूप दिसते. म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. दोनच्या घातात एक मिळवून मूळ संख्या मिळवायची असेल तर घातांकात एकाखेरीज कोणताही विषम अवयव असून चालत नाही. घातांक ५ घेतला तर ३३ मिळतात आणि त्यांना तीनने भाग जातो. घातांक ६ घेतला तर ६५ मिळतात आणि त्यांना पाचने भाग जातो. विषम अवयव असला की असे बीजगणितातूनच आपोआप घडते. म्हणून घातांक स्वतः दोनचा घात असावा लागतो: १, २, ४, ८, १६, ३२ असे. त्यांतून अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मिळतात आणि या पाचही मूळ आहेत. सहावी म्हणजे आपली संख्या.

तुलूझच्या न्यायालयात काम करणाऱ्या पिएर द फर्माने १६४० साली पत्रातून कळवले की या प्रकारच्या सगळ्याच संख्या मूळ आहेत अशी त्याची खात्री आहे, मात्र सिद्धता त्याच्याजवळ नाही. १६५४ मध्ये पास्कालला लिहिलेल्या पत्रातही तो याच विधानाविषयी बोलतो आणि सिद्धता पुरी होत नसल्याचे मान्य करतो. पाच उदाहरणांवरून अनंताविषयी बोलणे धाडसाचे होते, पण फर्माच्या बाबतीत त्याचा अंदाज चुकणे हाच अपवाद होता. पुढे १ डिसेंबर १७२९ रोजी गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या तरुण गणितज्ञाला लिहिलेल्या पत्राच्या ताजा कलमात सहज विचारले, की फर्माचे हे निरीक्षण तुम्हाला ठाऊक आहे का. ऑयलरने सुरुवातीला फारसा उत्साह दाखवला नाही. पण १७३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे ठेवलेल्या छोट्या लेखात सांगितले की सहाव्या संख्येला ६४१ ने भाग जातो.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

हा गुणाकार कागदावर करून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. अवघड आहे ते उलट दिशेने जाणे. काहीच युक्ती माहीत नसेल तर लहान मूळ संख्यांपासून सुरुवात करून एकेका संख्येने भागत जावे लागते आणि आपल्या संख्येचे वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे असल्यामुळे ही वाट अखेरपर्यंत चालायची झाली तर साडेसहा हजार भागाकार करावे लागतात, कारण ६५५३६ च्या आत ६५४२ मूळ संख्या आहेत. मी वही घेऊन बसलो होतो तो या कल्पनेशिवायच. दहा अंकी संख्येला तीन अंकी संख्येने भागण्याचे काम थोड्याच वेळात कंटाळवाणे होते. मग चुका होऊ लागतात, मागचे तपासावे लागते आणि शेवटी आपण संख्येऐवजी स्वतःच्या धीराची परीक्षा घेत आहोत असे जाणवते. मी शंभराच्या थोडे पुढे जाऊन वही मिटली. ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे हे नंतर मोजले तेव्हा लक्षात आले की मी अजून चिकाटी धरली असती तर उत्तर मिळाले असते. पण ते मिळूनही मला काही कळले नसते.

जे कळायला हवे होते ते असे. एखादी विषम मूळ संख्या घ्यावी आणि दोनच्या घातांना तिने भागत जाऊन बाक्या मांडाव्यात. सात घेतली तर बाक्या येतात २, ४, १, पुन्हा २, ४, १. म्हणजे तीन पायऱ्यांचे चक्र. तेरा घेतली तर चक्र बारा पायऱ्यांचे होते. सातमधून एक वजा केला तर सहा उरतात आणि तीनने सहाला भाग जातो; तेरामधून एक वजा केला तर बाराच उरतात. चक्राची लांबी नेहमी मूळ संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येचा विभाजक असते, हा नियम फर्माचाच आहे आणि तोही १६४० मधलाच. आता समजा, कोणत्यातरी मूळ संख्येने आपल्या संख्येला पूर्ण भाग जातो. याचा अर्थ २ च्या ३२व्या घाताला तिने भागले असता बाकी पूर्ण भागाला एकाने कमी पडते, म्हणजे ती उणे एक मानता येते. उणे एकचा वर्ग एक, म्हणून ६४व्या पायरीवर बाकी एक होते. चक्राच्या लांबीने ६४ ला भाग जातो, पण ३२ ला जात नाही. तेव्हा लांबी नेमकी ६४ असली पाहिजे. आणि मग फर्माच्या नियमाप्रमाणे ती मूळ संख्या ६४ च्या पटीत एक मिळवून होणारीच असणार.

साडेसहा हजार संख्यांची गर्दी या एका विचाराने बाजूला होते. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१: यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नात उत्तर. एखाद्या यंत्राची ही करामत नव्हे. १६४० मध्येच हाताशी असलेल्या साधनांनी हे होण्यासारखे होते आणि ती साधने खुद्द फर्माने घडवलेली होती. त्याने ६४१ ने भागून पाहिले असेल आणि कुठेतरी हातचा चुकला असेल, असा तर्क केला जातो. मला तो पटतो, कारण माझ्या वहीत असे तीन हातचे चुकलेले आहेत. ऑयलरने ६४च्या पटीचा हा नियम पुढे १७५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात सिद्धतेसह मांडला, आणि १८७८ मध्ये ल्यूकाने तो आणखी आवळून दाखवले की ६४ च्या जागी १२८ घेता येतात.

या यादीतून २५७ ला तर न भागताच वगळता येते. ३ × ५ म्हणजे १५, हे १७ पेक्षा दोनने कमी. १५ × १७ म्हणजे २५५, हे २५७ पेक्षा दोनने कमी. २५५ × २५७ म्हणजे ६५५३५. आणि त्याला ६५५३७ ने गुणले की ४२९४९६७२९५, आपल्या संख्येपेक्षा दोनने कमी. म्हणजे २५७ ने आपल्या संख्येला भाग गेला असता तर दोनलाही जावा लागला असता. फर्माच्या कोणत्याही दोन संख्या परस्परांशी सहमूळ असतात, म्हणजे एकाखेरीज दोघींना भागणारी संख्या नसते, हे गोल्डबाखने १७३० मध्ये याच वाटेने दाखवले. ल्यूकाची चाळणी आणि गोल्डबाखची ही ओळ एकत्र ठेवली की १२९, ३८५ आणि ५१३ संयुक्त म्हणून जातात, २५७ या कारणाने जाते आणि करून पाहण्यासारखा पहिलाच भागाकार ६४१ चा उरतो.

तोही दहा अंक मांडून करण्याची गरज नाही. दोनचा चौथा घात १६. त्याचा वर्ग २५६. २५६ चा वर्ग ६५५३६, त्याला ६४१ ने भागले की बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६, त्याला ६४१ ने भागले की बाकी ६४०. इथे आपण बत्तिसाव्या घातावर पोहोचलो. ६४० मध्ये एक मिळवला की ६४१, झाला पूर्ण भाग. याहून देखणी वाट अशी आहे, की ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६, अर्थात पाचचा चौथा घात अधिक दोनचा चौथा घात. पहिल्या रूपावरून ५ × १२८ हे ६४१ च्या हिशेबात उणे एक ठरते, म्हणून पाचचा चौथा घात गुणिले दोनचा अठ्ठाविसावा घात हे एक ठरते. दुसऱ्या रूपावरून पाचच्या चौथ्या घाताच्या जागी उणे दोनचा चौथा घात ठेवता येतो. ठेवला की उणे दोनचा बत्तिसावा घात बरोबर एक. भागाकार एकही नाही. ही सिद्धता पहिल्यांदा वाचली तेव्हा मला थोडे फसवल्यासारखे वाटले होते. कारण ६४१ हे उत्तर आधीच ठाऊक असल्याशिवाय ती सुचणार कशी?

दुसरा अवयव ६७००४१७ हा मूळ आहे का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण तोही त्याच चाळणीने सुटतो. त्याचे वर्गमूळ २५८८ च्या आसपास आहे, आणि त्याचा प्रत्येक मूळ विभाजक हा मोठ्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून १२८च्या पटीत एक मिळवलेलाच असणार. अशा मूळ संख्या २५८८ च्या आत २५७ सोडून चारच आहेत: ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. म्हणजे ६७००४१७ मूळ आहे आणि आपल्या संख्येला चारच विभाजक आहेत: एक, हे दोन आणि ती स्वतः.

शेजारीपाजारी पाहिले तर ही संख्या नामवंतांच्या वस्तीत राहते. तिच्या अलीकडची ४२९४९६७२९६ ही दोनचा बत्तिसावा घात. बत्तीस बिटांत मावणाऱ्या नोंदी एवढ्याच असतात. तिच्याही अलीकडची ४२९४९६७२९५ म्हणजे वर आलेला तीन, पाच, सतरा, २५७ आणि ६५५३७ यांचा गुणाकार. १७९६ मध्ये गाउसने सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी आणि कंपासने काढता येते हे दाखवले आणि त्या विचारातून असे निष्पन्न झाले की बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. आज माहीत असलेल्या अशा मूळ संख्या त्या पाचच आहेत, म्हणून पट्टी-कंपासने काढता येतील अशा ज्ञात, विषम संख्येने बाजू असलेल्या सुसम आकृत्यांत सर्वांत मोठीच्या बाजू ४२९४९६७२९५ भरतात. आपली संख्या मूळ असती तर ती या मालिकेची पुढची कडी झाली असती. तिच्यानंतर मात्र कोणीच ती जागा घेतलेली नाही: सहाव्यापासून पुढे घातांक दोनच्या बत्तिसाव्या घाताएवढा होईपर्यंतच्या सगळ्या फर्मा-संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. लगेचच्या पुढच्या संख्येचा २७४१७७ हा अवयव लाँद्रीने १८८० मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी शोधला. काहींच्या बाबतीत संयुक्त असल्याची खात्री आहे, पण एकही अवयव हाती नाही.

अवयव हाती नसताना खात्री कशी होते, हे समजून घेताना आपली संख्या पुन्हा उपयोगी पडते, कारण तिच्यात एक लबाडी आहे. संख्या मूळ असेल तर दोनचा, त्या संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या घातांकाचा घात तिने भागल्यावर बाकी एक उरते. हा फर्माचाच नियम कसोटी म्हणून उलटा वापरता येतो. बाकी एक आली नाही तर संख्या संयुक्त. आपल्या संख्येवर ही कसोटी लावली तर बाकी एकच येते! दोनच्या घातांचे चक्र ६४ पायऱ्यांचे आहे आणि घातांक दोनचा बत्तिसावा घात असल्यामुळे त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो. कसोटीत नापास होणे तिला शक्यच नाही. संयुक्त असून मूळ असल्याचे सोंग ती दोनच्या पुढे बिनचूक वठवते. ते तीनपुढे टिकत नाही. तीनचा तेवढाच घात घेतला की बाकी ३०२९०२६१६० येते, एक येत नाही. पेपँने १८७७ मध्ये दिलेली कसोटी तीन घेऊन लावली तर फर्माच्या संख्यांसाठी ती दोन्ही बाजूंनी निर्णायक ठरते: निम्म्या घातांकाला बाकी उणे एक आली तर मूळ, नाही तर संयुक्त. आपल्या संख्येसाठी तिथे १०३२४३०३ येते. एकतीस वेळा वर्ग करून बाकी काढत गेले की निकाल लागतो, आणि ६४१ चे नावही घ्यावे लागत नाही.

झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन मुलगा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये तोंडी हिशेब करून दाखवत असे. १८०४ चा जन्म, म्हणजे तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा. त्याला कोणीतरी हीच संख्या घातली आणि त्याने मनातल्या मनात हिशेब करून ६४१ ने भाग जातो असे सांगितले, अशी नोंद आहे. त्याला चक्रांचा नियम ठाऊक नसणार. साध्या भागाकारांनी ११६ पायऱ्या चढायच्या होत्या आणि त्या वयात त्याला कंटाळा आला नाही. मला त्या मुलाचा हेवा वाटतो आणि थोडी कीवही येते.

वर्गांच्या वाटेने तो गेला असता तर मात्र मला फक्त हेवाच वाटला असता. आपली संख्या दोन वर्गांची बेरीज आहे हे तिच्या रूपातच लिहिलेले आहे: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. चारने भागल्यावर एक उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, आणि तीही एकाच प्रकारे. हे फर्माने सांगितले आणि ऑयलरने सिद्ध केले. म्हणजे दुसरी मांडणी सापडली की संख्येचे मूळपण संपले. ती दुसरी मांडणी अशी आहे: ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. पहिला वर्ग ३८७६८०५६९६, दुसरा ४१८१६१६०१, बेरीज ४२९४९६७२९७. (२०४४९ स्वतः १४३ चा वर्ग आहे; याला काही अर्थ असावा असे वाटून मी एक संध्याकाळ घालवली, तो योगायोगच आहे.)

दोन मांडण्यांवरून अवयव काढण्याची रीत ऑयलरने वापरली आहे. मोठ्या वर्गमूळांतला फरक घ्यावा: ६५५३६ वजा ६२२६४, म्हणजे ३२७२. छोट्यांतला फरक: २०४४९ वजा १, म्हणजे २०४४८. या दोन्हींचा मसावि ८. आता बेरजा: ६५५३६ अधिक ६२२६४ म्हणजे १२७८००, आणि २०४४९ अधिक १ म्हणजे २०४५०, यांचा मसावि ५०. आठचा निम्मा चार, पन्नासचा निम्मा पंचवीस. चारचा वर्ग सोळा, पंचवीसचा वर्ग सहाशे पंचवीस, बेरीज ६४१. ज्या संख्येसाठी मी वहीभर भागाकार केले होते, ती वजाबाक्या, बेरजा आणि मसाविंतून कागदावर उतरली होती.

याच हिशेबात ३२७२ ला आठने भागले की ४०९ आणि २०४४८ ला आठने भागले की २५५६ मिळतात, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ६७००४१७ भरते. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तोही दोन रीतींनी, हे ब्रह्मगुप्ताने ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिलेल्या ‘भावना’ नावाच्या गुणाकाराच्या नियमातून निघते. २५ आणि ४ ही एक जोडी, २५५६ आणि ४०९ ही दुसरी. २५ × २५५६ म्हणजे ६३९०० आणि ४ × ४०९ म्हणजे १६३६. वजाबाकी ६२२६४, बेरीज ६५५३६. मग उलटसुलट गुणाकार: २५ × ४०९ म्हणजे १०२२५, आणि ४ × २५५६ म्हणजे १०२२४. बेरीज २०४४९. वजाबाकी १. दोनच्या बत्तिसाव्या घातात शेवटी जो मिळवला होता, तोच हा एक.